बिल्ला नको, सांधा बघा

बऱ्याच दिवसांपासून सायकलींवर लिहायचं मनात होतं. हल्ली आमच्या ऑफिसात जुन्या स्टीलच्या सायकली घेऊन त्या रिस्टोअर करायचं वेड आलंय. कार्बन फ्रेमवाले लोक रविवारी जुन्या बाजारात एखादी गंजकी रॅले शोधत फिरतात. चांगलंच आहे. पण त्यांच्याशी बोलताना जाणवतं की खरेदी होते ती बिल्ल्याची. हँडलखाली पितळी बिल्ल्यावर बगळ्याचं डोकं दिसलं की सौदा पक्का! सांगाडा कसा आहे ते मागाहून. माझ्या मते हे उलटं आहे, आणि का ते समजायला थोडा इतिहास बघावा लागतो.

युरोपात 'व्हिंटेज रोड बाइक' म्हटलं की हलक्या, पातळ नळ्यांची रेसिंगची सायकल डोळ्यांसमोर येते. रेनॉल्ड्स कंपनीची प्रसिद्ध ५३१ नळी १९३५ सालची. आपल्याकडे असल्या सायकली दुर्मिळच. आपली व्हिंटेज म्हणजे काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, सळ्यांच्या ब्रेकची, दूधवाल्याची नि पोस्टमनची. स्टील साधं, नळ्या जाड, वजन भरपूर.

स्वातंत्र्यापूर्वी अशा सायकली मुख्यतः बोटीने यायच्या. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची हर्क्युलस आणि तिथलीच बीएसए. (बीएसए मूळची बंदुका बनवणारी, म्हणून तिच्या बिल्ल्यावर तीन बंदुका!) दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे देशी कारखाने उभे राहू लागले. त्यातली हिंद सायकल्स आपल्या मुंबईतली, वरळीची. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि विलायती कंपन्या भागीदारीत इथेच आल्या. १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, १९५२ मध्ये आसनसोलला सेन-रॅले. नाव इंग्रजी, हात देशी. त्याच सुमारास १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस आणि १९५६ मध्ये लुधियानाला हीरो सुरू झाली. लुधियानात तर सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांचं जाळंच तयार झालं.

आता यातली गंमत बघा. काळ्या सायकलीचा साचा सगळीकडे जवळपास एकच होता. त्यामुळे एकीचा चिमटा (फोर्क हो!) दुसरीला, दुसरीचं चाक तिसरीला, असं गावोगावच्या सायकलवाल्यांनी बिनदिक्कत केलं. पन्नास-साठ वर्षं चाललेली सायकल म्हणजे एका कंपनीची वस्तू राहिलेलीच नसते. आणि या सगळ्यात बदलायला सर्वात सोपा भाग कुठला? दोन बारक्या रिव्हेटांवर बसलेला बिल्ला!

बरं, विचारायचं म्हटलं तर कोणाला? हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या १९८० मध्ये कायदा करून सरकारने ताब्यात घेतल्या, पुढे त्याही बंद पडल्या. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला थांबला. (नेमका जागतिक सायकल दिवस.) थोडक्यात काय, तर आपल्या भाषेत हा लेगसी कोड आहे. लिहिणारे गेले, डॉक्युमेंटेशन नाही, पण चालतंय. मग वाचायचा तो कोडच.

वाचायला सुरुवात सांध्यांपासून करावी. नळ्या जिथे एकत्र येतात तिथे पोलादी टोपी असते, तिला लग म्हणतात. नळी लगमध्ये घालून आत वितळलेलं पितळ खेळवलेलं असतं, म्हणजे झाळकाम. चांगल्या सांध्यात लगच्या कडेने पितळेची बारीक रेघ सलग गेलेली असते. ती मध्येच तुटली असेल, किंवा नेमका कडेवरचा रंग तडकला असेल, तर सांधा हलतोय असं समजा.

मग हँडलमागे, वरच्या दांडीच्या नि तिरक्या नळीच्या खालून बोट फिरवायचं. सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे. ताज्या रंगावर लोहचुंबक फिरवायचा. कुठे पकड एकदम ढिली झाली तर आत लांबी भरून खड्डा बुजवलाय. आणि सुतळीची युक्ती तर फुकटची. मागच्या चाकाच्या एका खाचेपासून सुतळी हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणायची आणि सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून बराच जास्त असेल तर सांगाडा वाकलाय.

शेवटी सीट पाइपसकट उपसून आत टॉर्च मारायचा. नळीत उभी शिवण दिसली म्हणून नाक मुरडू नका, शिवणीच्या नळ्यांवर लाखो सायकली आयुष्यभर चालल्या. बघायचा तो गंज.

आणि हा गंज कोकणात सगळ्यात महत्त्वाचा. आमचं आजोळ महाड-पोलादपूरकडचं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. शिवाय महाडला सावित्री आणि गांधारीचा पूर. आजोबा शिक्षक होते. पोलादपूर ते महाड हे अठरा-वीस किलोमीटर ते एका काळ्या सायकलवरून जायचे. ती सायकल मामांकडे महाडच्या घरात होती आणि जुलै २०२१ च्या महापुरात हँडलसकट पाण्याखाली गेली. गेल्या पावसाळ्यानंतर मामांचा फोन. "अरे, भंगारवाला किलोवर मागतोय. नात म्हणते मला शाळेला हवी. तू बघून सांग, चालवण्यासारखी आहे का."

प्रश्न शोभेचा नव्हता. तिकडे रस्ता घेतला की उतार आलाच, आणि उतारावर सांगाडा मोडला तर काय होतं ते सांगायला नको. नात चौदा वर्षांची.

बिल्ला एका नामांकित विलायती कंपनीचा, पण एका रिव्हेटच्या जागी स्क्रू. चिमटा नंतर कधीतरी बदललेला. रंगाचे पोपडे. दिसायला अगदी भंगार! सांधे मात्र सगळे सलग. सुतळीत दोन मिलिमीटरचा फरक. सीट काढली तर आत गाळ असेल अशी माझी खात्री होती, पण बोटाला लागलं तेल. मामा म्हणाले, "पूर ओसरल्यावर गल्लीतल्या सायकलवाल्याने उलटी टांगली होती आठवडाभर. मग पायडलाचा आस काढून गाळ धुतला आणि जळकं ऑइल ओतलं." मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन दांड्यांना पाणी साचून सगळ्यात आधी गंज खातो. तिथे दाभण दाबून बघितलं. कुठेही आत गेलं नाही.

म्हणजे महायुद्ध, आयातबंदी, लुधियाना हे सगळं पचवून ती उरली आणि अखेर वाचली ती त्या सायकलवाल्याच्या शहाणपणाने. त्या घरात पाण्याची खूण छातीइतकी होती, त्याच्या दुकानातही तेवढंच पाणी असणार. तरी त्याला लोकांच्या सायकली आठवल्या. हे कुठल्याच बिल्ल्यावर लिहिलेलं नसतं.

मामांना मी सांगितलं, चालवा. फक्त ब्रेकची लाकडं (म्हणजे रबरं), छर्रे, कॉटर पिना, टायर-ट्यूब आणि चेन नवी घाला, तारा ताणून घ्या. पोपडे खरवडून गंजरोधक लावा, पण चकचकीत रंग मारायची घाई नको. रंगाखाली पुढच्या माणसाला सांधे वाचता येत नाहीत.

तुम्हीही यंदा एखादी जुनी सायकल उचलणार असाल, तर एक लोहचुंबक, सुतळी, दाभण आणि टॉर्च घेऊन जा. आणि विकणाऱ्याला किमतीच्या आधी एवढं विचारा, "ही पावसाळ्यात कुठे ठेवायचात हो?"