मोबाईलमुळे मुलांना ब्रेन ट्यूमर होतो का? १४ देशांच्या अभ्यासात काय आढळलं?

"सारखा फोन कानाला लावू नकोस, मेंदूत गाठ होईल." मुंबईतली इमारत असो की ताडोब्याच्या वेशीवरचं मोहर्ली, मुलाच्या हातात फोन आला की घरच्यांना ही धास्ती वाटतेच. त्यात व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड भर घालतात. या प्रश्नाचा शोध घेणाऱ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरचाही सहभाग होता. त्याचं नाव 'मोबी-किड्स'.

शंका आली कुठून?

मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मोबाईलच्या लहरींना '२बी' गटात टाकलं. या गटाचा अर्थ 'कर्करोग होण्याची शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा अपुरा' असा होतो. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही याच गटात आहे. एक्स-रेप्रमाणे डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा मोबाईलच्या लहरींमध्ये नसते. मात्र लहान वयात मेंदूची वाढ सुरू असते आणि पुढे अनेक वर्षं फोन वापरला जाणार असतो, म्हणून मुलांचा वेगळा अभ्यास गरजेचा होता.

अभ्यास कसा झाला?

२०१० ते २०१५ या काळात १४ देशांतले १० ते २४ वर्षं वयाचे ८९९ ब्रेन ट्यूमरचे रुग्ण निवडले गेले. तुलनेसाठी त्याच भागातली, त्याच वयाची १,९१० मुलं-तरुण घेतले. या सगळ्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. अपेंडिक्सच का? कारण हा त्रास कुणालाही होऊ शकतो आणि त्याचा फोनशी संबंध नाही.

फोन कधीपासून वापरता, किती वेळ बोलता, असे प्रश्न दोन्ही गटांना विचारले. पण आठवणीवर किती भरवसा ठेवायचा? म्हणून काही जणांच्या बाबतीत मोबाईल कंपन्यांच्या नोंदी आणि फोनमधलं खास ॲप यांच्याशी उत्तरं ताडून पाहिली.

निष्कर्ष काय निघाला?

जास्त बोलणाऱ्यांमध्ये किंवा जास्त वर्षं फोन वापरणाऱ्यांमध्ये ट्यूमरचा धोका वाढल्याचं दिसलं नाही. २० ते २४ वयोगटातले निम्म्याहून अधिक जण १० वर्षांपेक्षा जास्त काळ फोन वापरत होते.

उलट, काही आकड्यांत जास्त वापर करणाऱ्यांचा धोका कमी दिसला. मग फोन ट्यूमरपासून वाचवतो का? नाही. निदानाआधीच डोकेदुखीसारख्या त्रासामुळे काही रुग्णांचा फोन कमी झाला असावा. काहींच्या वतीनं पालकांनी उत्तरं दिली, त्यातही चूक होऊ शकते. संशोधकांनी या त्रुटी स्वतःच मांडल्या. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी झालेल्या आढाव्यातही मोबाईल आणि ब्रेन ट्यूमरचा संबंध आढळला नाही.

टॉवर लांब, म्हणजे सुरक्षित?

इथे अनेकांचा गैरसमज होतो. डोक्यापर्यंत पोहोचणाऱ्या लहरी प्रामुख्यानं कानाला लावलेल्या फोनमधून येतात, टॉवरमधून नाही. रेंज कमी असली की टॉवर गाठण्यासाठी फोन जास्त जोर लावतो. मोहर्लीसारख्या ठिकाणी रेंजची एकच काडी उरली, तर तो शहरापेक्षा जास्त ताकदीनं लहरी सोडतो. तरीही त्याला मर्यादा आहे. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून ही मर्यादा, म्हणजे 'सार', किलोमागे १.६ वॅट आहे. *#०७# डायल केलं की बहुतेक फोनवर हा आकडा दिसतो.

काळजी घ्यायचीच असेल तर इअरफोन किंवा स्पीकरवर बोला आणि रेंज नसताना लांबलचक कॉल टाळा.

लक्ष कशाकडे द्यायचं?

सकाळी उठल्यावर वारंवार डोकं दुखणं आणि उलटी, पहिल्यांदाच आलेली फिट, दिसण्यात फरक, चालताना तोल जाणं, ही लक्षणं असतील तर डॉक्टरांना दाखवा. "फोन बघून डोकं दुखतंय" म्हणत मुलाचा फोन काढून घेतला आणि तपासणी राहून गेली, तर निदानाला उशीर होतो. खरा धोका तिथे आहे.