शेकडा तीन, पण कशाचे?

शेकडेवारीचा हिशेब मांडणाऱ्या कारकुनाला दोन आकडे लागतात. किती टक्के, हा पहिला. आणि कशाचे टक्के, हा दुसरा. पहिला आकडा कायद्यात छापलेला असतो, सभांतून सांगितला जातो, वर्तमानपत्रांत येतो. दुसरा परिपत्रकाच्या पोटात कोठे तरी बसलेला असतो आणि तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत अपंगांना जागा मिळाव्यात म्हणून जी खटपट झाली, तिचा इतिहास म्हणजे या दोन आकड्यांचा इतिहास होय. राज्यघटना अमलात आल्यापासून पहिला आकडा हाती यावयास सत्तावीस वर्षे लागली. आणि दुसऱ्यासाठी त्यापुढे आणखी छत्तीस.

१९५० साली अमलात आलेल्या घटनेने अपंगांचा विचार केला नाही असे नाही. मार्गदर्शक तत्त्वांपैकी ४१व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य व आजार यांच्या जोडीने अपंगत्वाचाही उल्लेख आहे, आणि अशा प्रसंगी राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत साहाय्य करावे असे म्हटले आहे. परंतु सरकारी नोकरीत समान संधी देणारा १६वा अनुच्छेद उघडून पाहावा. धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान व निवास या कारणांवरून भेदभाव होणार नाही, असे तेथे स्पष्ट आहे. त्या यादीत अपंगत्व नाही. म्हणजे साहाय्याच्या प्रकरणात ज्याचे नाव घातले, हक्काच्या प्रकरणात त्याचे नाव राहून गेले. कुवत असेल तर द्यावयाचे ते दान. आणि दान मागणाऱ्याला हिशेब विचारता येत नाही.

दरम्यान, अर्ज करू शकतील अशी माणसे मात्र तयार होत होती. मुंबईची मूकबधिरांची शाळा आणि अमृतसरची अंधांची शाळा या दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या. पूर्वी ब्रेल लिपीच्या निरनिराळ्या पद्धती देशात चालत. एका भाषेची ब्रेल शिकलेल्या मुलाला दुसऱ्या भाषेचे पुस्तक हाती घेतले तर अक्षरांपासून पुन्हा सुरुवात करावी लागे. १९५१ साली भारती ब्रेल ही सर्व भारतीय भाषांची सामाईक लिपी ठरली आणि ती अडचण दूर झाली. १९५९ साली मुंबईत अपंगांसाठी स्वतंत्र सेवायोजन कार्यालय उघडले; त्या प्रकारचे ते देशातील पहिले. शाळा झाली, लिपी झाली, नाव नोंदविण्याची खिडकी झाली. खिडकीपलीकडे जागा मात्र नव्हती.

ती १९७७ साली निघाली. केंद्र सरकारने क आणि ड वर्गांतील नोकऱ्यांत शेकडा तीन जागा राखून ठेवल्या: एक दृष्टिहीनांसाठी, एक बधिरांसाठी आणि एक हातापायांनी अधू असलेल्यांसाठी. ही फार मोठी गोष्ट होती. परंतु तिच्यात एक न लिहिलेले वाक्यही होते. अपंग मनुष्य कारकून होऊ शकेल, शिपाई होऊ शकेल. कारकुनाच्या टिपणीवर निर्णय देणारा अधिकारी तो होऊ शकेल, हे त्या आदेशाने गृहीत धरले नव्हते. शिवाय आदेश आणि नेमणूक यांत अंतर राहिलेच. १९८० सालच्या मार्च महिन्यात नोकऱ्यांची मागणी घेऊन अंध तरुण दिल्लीच्या रस्त्यावर आले, तेव्हा त्यांच्यावर पोलिसांचा लाठीमार झाला. येणारी काठी ज्याला दिसत नाही त्याच्यावर ती उगारली गेली, ही गोष्ट त्या वेळी देशभर चर्चिली गेली. पुढचे १९८१ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले.

वरच्या वर्गांचे दार न्यायालयाने किलकिले केले. अ आणि ब वर्गांतील कोणती पदे अपंगांना झेपतील याची यादी सरकारनेच १९८६ साली केली होती. मग त्या पदांच्या परीक्षेला अंध उमेदवाराने का बसू नये, असा सवाल राष्ट्रीय अंध महासंघाने सर्वोच्च न्यायालयात केला. १९९३ साली न्यायालयाने सांगितले की, अशा पदांसाठी अंध उमेदवारांना लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसू द्यावे, आणि उत्तरे ब्रेलमध्ये किंवा लेखनिकाच्या साहाय्याने लिहू द्यावीत. दोनच वर्षांनी, १९९५च्या डिसेंबरात, जावेद आबिदी प्रभृती अपंग कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे संसदेने अपंगांचा कायदा मंजूर केला. ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो लागू झाला. प्रत्येक आस्थापनेत किमान तीन टक्के जागा राखाव्यात असे त्याच्या ३३व्या कलमाने सांगितले. यात वर्गाचा भेद नव्हता. दानाचा हक्क झाला.

आणि येथेच दुसरा आकडा आडवा आला.

कायद्याच्या ३२व्या कलमात, राखून ठेवता येतील अशी पदे निश्चित करावीत, असे म्हटले होते. या ‘निश्चित पदां’चा आधार घेऊन हिशेब असा झाला की, क आणि ड वर्गांत तीन टक्के काढावयाचे ते सर्व रिक्त जागांवर, पण अ आणि ब वर्गांत काढावयाचे ते केवळ निश्चित केलेल्या पदांच्या रिक्त जागांवर. २००५ सालच्या आदेशात हे अगदी स्वच्छ शब्दांत आहे. उदाहरणाने सांगतो. समजा, एका सेवेत दोनशे जागा रिक्त आहेत, आणि अपंगांना योग्य म्हणून ठरलेल्या जागा त्यांपैकी वीस. दोनशेचे तीन टक्के म्हणजे सहा जागा. विसाचे तीन टक्के म्हणजे सहादशांश. एक पुरा मनुष्यसुद्धा नाही. कायद्यातील ‘तीन’ला हातही न लावता सहा माणसे कागदावरून नाहीशी झाली. पदे योग्य की अयोग्य हे ठरविणारे पुन्हा सरकारच. ठरविण्यास विलंब केला की हक्कही लांबला.

या हिशेबाला आव्हान दिले ते पुन्हा अंध महासंघाने. आणि त्याची बाजू मांडणारे वकील संतोषकुमार रुंगटा हे स्वतः दृष्टिहीन. २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने महासंघाच्या बाजूने निकाल दिला. २०१० साली रविप्रकाश गुप्ता या अंध उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, पदे निश्चित झाली नाहीत ही सबब सांगून आरक्षण लांबणीवर टाकता येणार नाही. आणि ८ ऑक्टोबर २०१३ रोजी मुख्य प्रश्नाचा निर्णय झाला. तीन टक्के मोजावयाचे ते सर्व वर्गांत सारख्याच रीतीने, संवर्गातील एकूण रिक्त जागांवर. नेमणूक निश्चित पदावर होईल. परंतु मोजणी सगळ्यांवर.

आता आमचीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या कचेरीतून दरवर्षी आरक्षणाचा एक तक्ता वर जातो. त्यातील अपंगांच्या रकान्यात, ब वर्गापुढे, ‘निरंक’ असा शब्द आमच्या आधीच्या माणसाने लिहिला होता, त्याच्या आधीच्यानेही लिहिला होता. आम्हीही तो तसाच उतरवीत आलो. त्याच सुमारास एक अंध तरुण आमच्या विभागात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाला. त्याला काय काम द्यावे हे कोणास सुचेना. कित्येक महिने त्याच्या टेबलावर एक फाईल गेली नाही. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली त्याच्या संगणकात उशिरा का होईना बसली, आणि तो आमच्या बरोबरीने काम करू लागला. एके दिवशी तो तक्ता त्याने ऐकला आणि आम्हांस एवढेच विचारले, “हे टक्के कशाचे धरलेत?” निकाल लागून गेला होता, आम्ही मात्र जुन्या रिवाजाने निश्चित पदांवरच गणित करीत होतो. पुन्हा मोजणी केली तेव्हा ‘निरंक’ खोडून तेथे ‘१’ लिहावा लागला. आम्ही कोणाचे वाईट चिंतिले नव्हते. आम्ही फक्त आदल्या वर्षीचा कागद पाहिला होता.

२०१६ सालच्या नव्या कायद्याने, जो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे, अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि टक्के तीनांवरून चार. आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे हे की, टक्के कशाचे हेही त्याने ३४व्या कलमात लिहूनच टाकले: संवर्गातील एकूण रिक्त जागांचे. परिपत्रकाच्या पोटातील आकडा कायद्याच्या माथ्यावर आला. तरीही कायद्याने सारे साधते असे नाही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील २०१६ साली नागरी सेवा परीक्षेत उत्तीर्ण झाल्या, रेल्वेची लेखा सेवा त्यांच्या वाट्यास आली, आणि पूर्ण अंधत्वाच्या कारणाने ती नाकारली गेली. त्या पुन्हा परीक्षेस बसल्या, प्रशासकीय सेवेत आल्या, आणि २०१९ साली तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. स्वप्रांतापासून दूर मोठ्या अधिकाराची खुर्ची सांभाळणे काय असते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या सहीने असे तक्ते पुढे जात असतील. सही करण्यापूर्वी ‘निरंक’ या शब्दावर क्षणभर थांबावे, आणि तो लिहिणाऱ्या कारकुनास आमच्या सहकाऱ्याने विचारला तोच प्रश्न विचारावा. उत्तरासाठी त्याला जुने कागद काढावे लागतील, थोडी कुरकुरही होईल. होऊ द्यावी. त्या कागदांत कोणाची तरी जागा अडकलेली असण्याचा संभव आहे.