रत्नागिरीचीं कलमें आणि जमिनीचे कागद

रत्नागिरी जिल्ह्यांतील तरुण पोटासाठीं मुंबईस कां जातो, या प्रश्नास जमीन खडकाळ आणि भात अपुरें, असें उत्तर सामान्यतः देण्यांत येतें. तें खरें असलें तरी पुरेसें नाहीं. याच काताळांत सुरुंगानें खड्डे पाडून व माती भरून हापूसच्या बागा उभ्या राहिल्या आहेत. मुख्य अडचण काळाची व हक्काची होय. भात चार महिन्यांत हातीं येतें. आंब्याचें कलम भरघोस धरूं लागण्यास आठ-दहा वर्षें लागतात. तितका काळ जमीन आपल्याच ताब्यांत राहील, अशी खात्री असल्यावांचून कोणी झाड लावीत नाहीं.

खोती गांवांत ही खात्री सर्व कुळांस नव्हती. १८८० च्या खोती कायद्यानें १८४५ सालापासून अखंड वहिवाट असलेल्या कुळांचा कायमपणा मान्य केला. इतरांची स्थिति डळमळीतच राहिली. कुळांचे हक्क व खोताचें येणें बोटखतांत नोंदलें जाई. १७ सप्टेंबर १९३७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं मुंबई विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. प्रत्यक्षांत ती गेली १९४९ च्या कायद्यानें.

दुसरें बंधन कलम बांधण्याच्या रीतीचें होतें. भेटकलमासाठीं रोप मातृवृक्षाच्या फांदीपाशीं न्यावें लागे. अर्थात् ज्याचें झाड त्याच्याच हातीं कलम. १९७२ सालीं दापोलीस स्थापन झालेल्या कोंकण कृषि विद्यापीठानें कोयकलमाच्या रीतीचा प्रसार केला. काडी कापून आणावी व कोयीतून उगवलेल्या कोंवळ्या रोपावर बांधावी, एवढें कसब साधलेला तरुण आपल्या अंगणांत रोपवाटिका चालवूं शकतो. १९९० पासून रोजगार हमी योजनेंतून फळबाग लागवडीस शासनाचें अनुदानहि मिळूं लागलें.

तथापि हक्काचा प्रश्न नव्या रूपानें उरलाच आहे. एका सातबाऱ्यावर अनेक सहहिस्सेदार, त्यांतील कित्येक मुंबईस. त्यांच्या संमतीवांचून अनुदान अडतें, आणि गांवीं राहूं इच्छिणाराहि अखेर मुंबईची वाट धरतो. जुन्या घरगुती वांटणीचा पुरावा पुष्कळदां मोडींतील वांटणीपत्रांतच असतो.

म्हणून संग्राहकांस विनंती कीं, फर्मानें व पेशव्यांचीं पत्रें जपतांना बोटखताची नक्कल, कुळाची कबुलायत, वांटणीपत्र यांस रद्दी समजूं नये. त्यांचें बाळबोध लिप्यंतर करून तें संबंधित गांवीं पोंचवावें. राजकारणाच्या इतिहासांत या कागदांची किंमत थोडी असेल. ज्याच्या आजोबांचें नांव त्यांत आहे, त्यास मात्र त्यांच्या आधारें बाग लावतां येईल.