सिकलसेल

तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पूर्व विदर्भाच्या पट्ट्यात तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. तो फक्त आदिवासींना होतो हा समज खोटा आहे. अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो आहे.

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यात निम्म्याहून थोडा अधिक रक्तद्रव आणि बाकी जवळजवळ सगळ्या तांबड्या पेशी. हृदयाचे डावे निलय हे रक्त महारोहिणीत ढकलते. शाखा फुटत फुटत ते केशवाहिन्यांत पोचते, तिथे प्राणवायू सोडते, नीलांवाटे हृदयाच्या उजव्या बाजूला परतते आणि फुप्फुसांकडे जाते. माणूस स्वस्थ बसलेला असताना हा फेरा मिनिटभरात होतो. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद, आणि केशवाहिनी पुष्कळदा तिच्याहून अरुंद. निरोगी पेशी लवचीक असल्याने दुमडून पार होते. सिकलसेलचे दुखणे याच अरुंद जागी सुरू होते.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच फरक. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो १९५०च्या दशकात दाखवून दिला. पण त्यामुळे प्राणवायू सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून धागे तयार होतात आणि पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. अशा पेशी वाहिनीत अडकतात, पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडे, सांधे, पोट, छाती यांत असह्य कळा येतात. १२० दिवस जगणारी पेशी इथे दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्तक्षय आणि डोळ्यांत पिवळेपणा. लोह कमी पडल्याने हा रक्तक्षय होत नाही, त्यामुळे नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी तो भरून निघत नाही. प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. सिकलसेलच्या मुलाचा ताप घरी अंगावर काढू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

थंडी, अतिश्रम आणि अंगातले पाणी कमी होणे यांनी कळा उठतात. धानाच्या या जिल्ह्यांत ही तिन्ही कारणे रोजच्या कामातच आहेत. रोवणीच्या दिवसांत बाया तासन् तास बांधीतल्या पाण्यात वाकून असतात. उन्हाळ्यात तेंदूपत्त्यासाठी पहाटेपासून जंगल तुडवले जाते. दुखणे बाहेरून दिसत नाही, म्हणून रुग्णाला कामचुकार ठरवले जाते. हा त्याच्यावर उघड अन्याय आहे.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. भारतातली पहिली नोंद १९५२ची, निलगिरीच्या आदिवासींमधली. नागपूरचे शुक्ला व सोलंकी यांचा मध्य भारतावरचा लेख १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला.

आई-वडील दोघांकडूनही दोष आला तर मूल ग्रस्त (एसएस). एकाकडून आला तर वाहक (एएस). वाहकाला सहसा काहीच त्रास होत नाही, उलट लहानपणी जीवघेण्या हिवतापापासून काही संरक्षण मिळते; हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो त्यामुळेच. दोन वाहकांचे लग्न झाल्यास प्रत्येक गरोदरपणात मूल ग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के. वाहक आणि निर्दोष व्यक्ती यांचे मूल मात्र या प्रकारे ग्रस्त होत नाही. त्यामुळे वाहक मुलीचे लग्न मोडण्याला शास्त्राचा काहीही आधार नाही. लग्नाआधी दोघांचीही तपासणी व्हायला हवी. विद्राव्यता चाचणी काही मिनिटांत होते, पण वाहक की ग्रस्त हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीनेच ठरते.

उपचारांत फॉलिक आम्ल, लसी, भरपूर पाणी, गरजेनुसार रक्त आणि हायड्रॉक्सियुरिया. हे शेवटचे औषध गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवून पेशी वाकण्याचे प्रमाण घटवते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो, पण जुळणारा दाता आणि खर्च या दोन्ही अडचणी मोठ्या आहेत.

नागपूरला सिकलसेल सोसायटी उभी करणारे संपत रामटेके यांना २०१८ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. केंद्राचे राष्ट्रीय निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य आहे.