खेळावर सरकारची नजर: नाशिकचा मित्रमेळा आणि वॉरक्राफ्टमधले हेर

संशोधनासाठी विषय शोधताना बरेच जण 'एकदम नवीन' काहीतरी शोधत बसतात. ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांवर सरकारची पाळत, हा असाच ताजा वाटणारा विषय. पण तुम्ही इतिहासाचे विद्यार्थी असाल, तर पहिला प्रश्न हा विचारा: याआधी सरकारने कोणत्या खेळावर नजर ठेवली होती? नाशिकमध्ये बसून हा प्रश्न विचारलात तर लांब जावं लागत नाही. जुन्या नाशकातली तिळभांडेश्वर गल्ली पुरते.

आधी ताजं प्रकरण थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेल्या कागदांवरून कळलं की अमेरिकेची एनएसए आणि ब्रिटनची जीसीएचक्यू या संस्थांनी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आणि 'सेकंड लाइफ' या आभासी जगांत आपली माणसं खेळाडू म्हणून घुसवली होती. अतिरेकी तिथे टोपणनावांनी भेटत असतील, ही शंका. हेर इतके झाले की ते एकमेकांच्याच पायात येऊ नयेत म्हणून वेगळी समन्वयाची व्यवस्था हवी, असं त्यांनाच वाटू लागलं! चोरलेल्या क्रेडिट कार्डांची माहिती विकणारी एक टोळी लंडनच्या पोलिसांच्या हाती लागली, पण अतिरेक्यांचा एखादा कट उघडकीस आल्याची नोंद त्या कागदांत नाही.

आता नाशिक. १९०० च्या सुमारास इथे मित्रमेळा सुरू झाला. वरून पाहिलं तर गणेशोत्सवात पदं म्हणणाऱ्या अनेक मेळ्यांपैकी एक. तरुण पोरं जमायची, गाणी बसवायची, व्यायाम करायची, लाठी फिरवायची. कवी गोविंदांची पदं तिथे गाजली. १९०४ मध्ये याच मंडळींतून 'अभिनव भारत' ही गुप्त संघटना उभी राहिली. म्हणजे बघा, खेळ आणि गाणी हा पडदा होता हा सरकारचा संशय खोटा नव्हता. 'बिचारी निरागस मुलं आणि दुष्ट सरकार' एवढ्यावर तुमचा प्रबंध उभा राहणार नाही, हे आधीच लक्षात घ्या.

सरकारकडे यंत्रणाही होती. १८८७ मध्ये हिंदुस्थान सरकारने राजकीय माहिती गोळा करण्यासाठी खास शाखा काढली आणि १९०४ मध्ये गुन्हे गुप्तवार्ता खातं. मुंबई इलाख्याचे पोलीस गोपनीय सारांश तयार करायचे. त्यांत मेळे, उत्सव, सभा, भाषणं यांच्या नोंदी आहेत. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालाची तर सुरुवातच गणपती आणि शिवाजी उत्सवांपासून होते. ज्यात पोरं एकत्र येतात, कवायत करतात, वेगळी भूमिका घेतात, ते सगळं संशयाच्या रकान्यात.

मग या नजरेने काय पकडलं? प्रामुख्याने गाणी. गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकरांना जून १९०९ मध्ये काळ्या पाण्याची जन्मठेप झाली ती त्यांनी छापलेल्या कवितांवरून. आणि काय सुटलं? लंडनच्या इंडिया हाउसमधून वीस ब्राउनिंग पिस्तुलं मुंबईत आली, ती ट्रंकेच्या चोरकप्प्यातून. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला निरोप म्हणून 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. तिथे त्याच्यावर गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे औरंगाबादेत शिकणारा तरुण होता. औरंगाबाद म्हणजे निजामाचं राज्य, मुंबई पोलिसांच्या हद्दीबाहेर. नाशिकमधल्या मंडळींवर कितीही डोळे रोखले, तरी गोळी झाडणारा हात बाहेरून आला.

मला इथे खरी मेख वाटते ती ही. पाळत ठेवणारा हेतू पाहू शकत नाही, तो आकार पाहतो: किती जण जमले, टोपणनाव कोणतं, हातात लाठी की तलवार. आकारावरून माणूस ओळखायला गेलं की नुसतं गाणाराही सापडतो, आणि पिस्तूलवाला निसटतो. जॅक्सनच्या खुनानंतर नाशिक कटाच्या खटल्यात ३८ जण आरोपी झाले, २७ दोषी ठरले. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्या ३८ मधले जे ११ सुटले, त्यांच्याबद्दल आपण फार कमी लिहितो. कोणाला प्रबंधाचा विषय हवा असेल तर घ्या!

ही कागदपत्रं वाचताना एक पथ्य पाळा. पोलिसांचा अहवाल म्हणजे घटनेचा फोटो नव्हे. रणजित गुहांनी १९८३ मध्ये बंडखोरीबद्दलच्या सरकारी लेखनावर जो निबंध लिहिला, तो आधी वाचा, मगच मुंबईच्या पुराभिलेखागारात जा. तिथे वेळ कमी मिळणार असेल तर मुंबई सरकारने १९५८ मध्ये छापलेला स्वातंत्र्य चळवळीच्या साधनांचा दुसरा खंड ग्रंथालयातून काढा. अहवालातलं प्रत्येक विशेषण वेगळं लिहून ठेवा. 'उद्दाम', 'चिथावणीखोर' हे शब्द पोरांबद्दल कमी आणि लिहिणाऱ्याच्या भीतीबद्दल जास्त सांगतात.

एक अडचण मात्र आपल्या पिढीच्या वाट्याला येणार आहे. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली, आणि ती जाहीर होती, म्हणून आपल्याला कळली. पण त्याच कायद्याच्या ६९ व्या कलमाखाली जी पाळत ठेवली जाते, तिच्या नोंदी २००९ च्या नियमांनुसार, कामाची गरज नसेल तर, दर सहा महिन्यांनी नष्ट करायच्या असतात. खाजगीपणासाठी ही तरतूद चांगलीच. पण मित्रमेळ्यावरचे कागद शंभर वर्षांनी आपल्या हातात आले, तसे आजच्या गेमर्सवरचे कागद २१२० मधल्या संशोधकाच्या हातात बहुधा येणार नाहीत. त्याला खेळणाऱ्यांच्याच आठवणींवर काम करावं लागेल, आणि त्या मुलाखती घ्यायच्या तर आजच घ्यायला हव्यात.