बोरामणीचे शेख घराणे : एका घरात तीन ‘महाराष्ट्र केसरी’

सोलापूरची ओळख चादरी, गिरण्या आणि सिद्धेश्वराची गड्डा यात्रा यांनी होते. कुस्तीचा विषय निघाला की मात्र कोल्हापूर, सांगलीची नावे आधी घेतली जातात. तरीही सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील दक्षिण सोलापूर तालुक्यातील बोरामणी या गावाने महाराष्ट्राच्या कुस्तीला जे दिले, ते फार थोड्या गावांना साधले आहे. येथील शेख घराण्यातील तिघे मल्ल ‘महाराष्ट्र केसरी’ झाले.

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये झाली. परिषदेच्या ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाचे पहिले मानकरी १९६१ मध्ये औरंगाबादच्या अधिवेशनात दिनकर दह्यारी ठरले. आज ही स्पर्धा माती आणि गादी अशा दोन विभागांत खेळविली जाते. दोन्ही विभागांतील विजेत्यांत अंतिम लढत होते आणि विजयी मल्लाला मोहोळ कुटुंबीयांच्या वतीने चांदीची गदा दिली जाते.

शेख घराण्यात हा किताब प्रथम इस्माईल शेख यांनी १९८० मध्ये खोपोली येथे मिळविला. त्यांचे धाकटे बंधू अप्पालाल शेख यांनी १९९२ मध्ये तोच मान पटकावला. या विजयाचे मोल अधिक होते, कारण १९८९ ते १९९१ अशी सलग तीन वर्षे अंतिम लढत अनिर्णित राहिल्याने किताब कोणालाच मिळाला नव्हता. अप्पालाल यांनी १९९१ मध्ये राष्ट्रकुल कुस्ती स्पर्धेतही सुवर्णपदक जिंकले होते. पुढे २००२ मध्ये जालना येथे याच घराण्यातील मुन्नालाल शेख ‘महाराष्ट्र केसरी’ झाले. बावीस वर्षांत तीन किताब एका घरात आले.

या यशामागचे अर्थकारण मात्र नाजूक असते. मेक्सिकोतील मुखवटाधारी मल्लांच्या किंवा अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरील कुस्तीत निकाल आधीच ठरलेला असतो. तेथील मल्ल हा एका अर्थाने कलावंत असून, संयोजक कंपनीशी केलेल्या करारावर त्याची कमाई चालते. मातीतल्या मल्लाला असा करार नसतो. गावोगावच्या जत्रांतील मैदाने, तेथे ठरणाऱ्या जोडी आणि त्यावरील इनाम हेच त्याचे उत्पन्न. पहाटे उठून जोर, बैठका आणि लढती करायच्या, तर दूध, तूप, बदाम यांचा खुराक रोज हवा. हा खर्च कुस्ती जिंकली तरी थांबत नाही आणि हरली तरीही थांबत नाही. शिवाय मल्लाचा उमेदीचा काळ जेमतेम दहा-बारा वर्षांचा. एखादा गुडघा किंवा खांदा निखळला, तर तोही अर्ध्यावर संपतो. ज्यांना पोलीस, रेल्वे किंवा लष्करात नोकरी मिळते, त्यांचे पुढे निभावते. इतरांना पुन्हा शेतीकडे वळावे लागते.

अप्पालाल शेख यांच्या वाट्याला उतरता काळ फार लवकर आला. मूत्रपिंडाच्या विकाराने ते आजारी पडले आणि त्यातच त्यांचे अकाली निधन झाले. हजारोंच्या साक्षीने मैदान मारलेल्या मल्लाच्या कुटुंबाला त्यानंतर चरितार्थासाठी झगडावे लागले. तरीही त्यांच्या मुलांनी लंगोट सोडला नाही. वडिलांनी ज्या मातीत नाव कमावले, त्याच मातीत तीही उतरली.

राज्य सरकारने २०२३ मध्ये ‘हिंद केसरी’ व ‘महाराष्ट्र केसरी’ मल्लांच्या मानधनात वाढ जाहीर केली. त्याच वर्षी मोहोळचा सिकंदर शेख ‘महाराष्ट्र केसरी’ झाला आणि सोलापूर जिल्ह्याचे नाव पुन्हा चर्चेत आले. मानधनातील वाढ स्वागतार्ह असली, तरी किताबापर्यंत पोहोचणारे मल्ल वर्षाला एखाद-दुसरेच. तालमीत घाम गाळणाऱ्या शेकडो पोरांच्या खुराकाची, दुखापतीनंतरच्या उपचारांची आणि उतारवयाची काळजी कोणी घ्यायची, हा प्रश्न अप्पालाल यांच्या वेळी होता आणि अजूनही तो सुटलेला नाही. बोरामणीच्या तीन किताबांचा अभिमान बाळगताना त्यांपैकी एका मल्लाचा शेवट कसा झाला, याचेही स्मरण ठेवायला हवे.