हबश देशाच्या राजधानीत, ऐन पावसात

गोंदियाजवळचे बिरसी हे धानाच्या बांध्यांनी वेढलेले गाव. दुसरे महायुद्ध पेटले, तेव्हा १९४० साली इंग्रजांनी या गावाच्या शिवारात विमानतळ बांधला. युद्ध संपले, इंग्रज गेले आणि धावपट्टी तशीच पडून राहिली. पुढे ती बांधकाम खात्याकडे होती. १९९८ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली आणि २००५ च्या अखेरीस विमानतळ प्राधिकरणाने ताब्यात घेतली. मग इथे वैमानिक घडवणारी शाळा आली. १३ मार्च २०२२ रोजी इंदूर आणि हैदराबादला जोडणारे पहिले प्रवासी विमान इथून उडाले, तेव्हा पंचक्रोशीतली माणसे ते बघायला जमली होती.

लढाईसाठी केलेली वस्तू पुढे माणसांना जोडण्याच्या कामी यावी, याचे आम्हाला नेहमी अप्रूप वाटते. अदिस अबाबाला जायचे ठरले तेव्हा त्या देशाच्या विमान कंपनीची हकिगत वाचली, तीही अशीच निघाली. इथिओपियन एअरलाइन्स डिसेंबर १९४५ मध्ये स्थापन झाली आणि एप्रिल १९४६ मध्ये तिचे पहिले विमान कैरोला गेले. तिची सुरुवातीची विमाने युद्धातून उरलेली लष्करी विमानेच होती. आज आफ्रिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांत तिचे नाव घेतले जाते. बिरसीप्रमाणे तिथेही वैमानिक शिकवले जातात आणि आफ्रिका खंडातल्या अनेक देशांतली मुले त्यासाठी येतात.

आम्ही काही मित्र मिळून ऑगस्ट महिन्यात अदिस अबाबाला गेलो. पावसाळ्यात का जाता, असे घरच्यांनी विचारले. आफ्रिका म्हणजे ऊन, वाळू आणि जंगल अशी आपली समजूत असते. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा हजार मीटर वर. विषुववृत्तापासून जवळ असूनही ऑगस्टमध्ये तिथे स्वेटर घालावा लागतो. जून ते सप्टेंबर हा तिथला मोठा पाऊस. त्याला तिथे ‘क्रेम्त’ म्हणतात. आपल्याकडे मृग लागतो त्याच सुमारास तो सुरू होतो आणि आपला पाऊस ओसरतो तेव्हाच ओसरतो. शाळांची मोठी सुट्टीही याच दिवसांत असते. आपल्या मुलांना सुट्टी उन्हाळ्याची, त्यांच्या मुलांना पावसाळ्याची. सप्टेंबरच्या ११ तारखेला त्यांचे नवे वर्ष लागते. तेव्हा डोंगर पिवळ्या रानफुलांनी भरलेले असतात आणि मुली ती फुले घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरतात.

‘अदिस अबाबा’ म्हणजे नवे फूल. १८८६ साली सम्राट मेनेलिक आणि सम्राज्ञी ताइतू यांनी हे शहर वसवले. वरच्या एंतोतो डोंगरावर आधी वस्ती होती, पण जळणासाठी झाडे तोडून तोडून डोंगर उजाड झाला. मग निलगिरीची झाडे परदेशातून आणून लावली. आज त्या ओल्या निलगिरीचा वास सगळ्या शहरावर पसरलेला असतो. सकाळी ऊन, दुपारी गडगडाट, मग दोन तास मुसळधार. रस्त्याच्या कडेचे लोक जवळच्या पत्र्याखाली निमूट उभे राहतात. कुणीतरी छोट्या शेगडीवर कॉफी करत असते. पाऊस थांबला की सगळे चालू लागतात.

याच पावसाकडे इतिहासाच्या नजरेने पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. बाहेरच्या फौजा या देशात शिरल्या त्या पाऊस चुकवून.

पहिली हकिगत आपल्या मुंबईची आहे. सम्राट तेवोद्रोस याने काही युरोपियनांना कैद केले, म्हणून इंग्रजांनी १८६७ साली मोहीम काढली. मुंबई फौजेचा सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर हा तिचा प्रमुख होता. फौज, जनावरे, रसद हे सगळे मुख्यतः मुंबई बंदरातून गेले. सुमारे १३,००० सैनिक, त्यांच्यामागे सुमारे २६,००० बाजारबुणगे, ४०,००० च्या वर जनावरे आणि त्यात ४४ हत्ती. मुंबई फौजेत मराठी मुलखातले हिंदू, दलित, मुसलमान असे सगळे शिपाई असत. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर १८६७ मध्ये पहिली तुकडी किनाऱ्याला लागली. १३ एप्रिल १८६८ रोजी मग्दाला किल्ला पडला. शरण जाण्याऐवजी तेवोद्रोसने स्वतःवर गोळी झाडून घेतली. किल्ल्यावरची हस्तलिखिते, मुकुट आणि धर्मस्थळांतल्या वस्तू लुटल्या गेल्या. ती लूट वाहायला १५ हत्ती आणि जवळजवळ २०० खेचरे लागली. मोठा पाऊस कोसळायच्या आत फौजेने किनारा गाठला. तेवोद्रोसच्या लहानग्या मुलाला, आलेमायेहूला, इंग्लंडला नेले. तो १८७९ मध्ये, अठरा वर्षांचा असताना वारला आणि विंडसरला पुरला गेला.

दुसरी हकिगत इटलीची. १ मार्च १८९६ रोजी अडवाच्या लढाईत मेनेलिकने इटलीला धूळ चारली होती. ते शल्य मनात धरून मुसोलिनीने ३ ऑक्टोबर १९३५ रोजी पुन्हा स्वारी केली. इथेही पावसाळा सरल्यावरच. विमानांतून विषारी वायू सोडला आणि पुढचा पाऊस यायच्या आत, ५ मे १९३६ रोजी, इटलीचे सैन्य अदिस अबाबात शिरले. पाच वर्षांनी इटलीला हुसकावण्यासाठी दोस्तांच्या फौजा आल्या, त्यांनाही पावसाचीच घाई होती. उत्तरेकडून आलेल्या फौजेत हिंदी सैनिकांच्या दोन डिव्हिजन होत्या. एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही लढले. २७ मार्च १९४१ ला केरेन पडले, ६ एप्रिलला अदिस अबाबा मोकळे झाले आणि ५ मे रोजी सम्राट हैले सेलासी राजधानीत परतला. त्या युद्धाच्याच काळात आमच्या बिरसीची धावपट्टी उभी राहिली होती.

आपल्याला यात नवल वाटू नये. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचे आणि पावसाळ्यात छावणी करायची, ही रीत दख्खनची आहेच. पाऊस ज्याच्या घरचा, त्याला तो साथ देतो, हे दख्खनने जाणले होते. आणि ते मोगलांना ज्याने शिकवले, तो माणूस याच हबश देशातून आला होता.

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमाराचा. लहानपणीचे नाव चापू. लहान वयातच तो गुलाम म्हणून विकला गेला. मोखा, बगदाद असा हातोहात फिरत तो मीर कासिमकडे आला. तिथे लिहायला, वाचायला शिकला. लाल समुद्राकडून येणारी जहाजे पावसाचा जोर ओसरत असताना, नैर्ऋत्य वाऱ्याच्या शेपटावर आपल्या किनाऱ्याला लागत. ज्या वाऱ्यावर आपली शेती चालते, त्याच वाऱ्यावर ही मुलेही इकडे आणली गेली. अंबरला निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने विकत घेतले. चंगीझखान स्वतःही हबशीच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर गुलामीतून सुटला, शिपाई झाला, फौज जमवली आणि १६०० मध्ये अहमदनगर मोगलांकडे गेल्यावर निजामशाही त्यानेच तोलून धरली. शहाजीराजे त्याच्या फौजेतून लढले. १६१० साली त्याने खडकी वसवली. त्याच गावाचे पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. डोंगरातले पाणी खापरी नळांनी गावात आणणारी ‘नहर-ए-अंबरी’ त्याचीच. जमिनीची प्रतवारी पाहून सारा ठरवण्याची त्याची रीत ‘मलिकंबरी’ या नावाने मराठी मुलखात पुढे कितीतरी पिढ्या आठवली गेली. १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र आल्या, तेव्हा त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला आणि लढाई जिंकली. हत्ती, तोफा आणि मोठ्या रिसाल्याची फौज चिखलात हतबल होते, हे त्याला पक्के माहीत होते.

या गोष्टींचा आपण अभिमान सांगतो. सांगावाच. पण त्याच्या शेजारची कडू गोष्टही सांगायला हवी. अंबरला आईबापांपासून तोडून विकणारे आणि विकत घेणारे हात कुणाचे होते? अरब होते, इराणी होते, दख्खनी होते, आणि त्यांतले बहुतेक आपल्यासारखेच कलमा पढणारे होते. एक अंबर पेशवा झाला. त्याच्याबरोबर आणलेल्या हजारोंची नावेही उरली नाहीत. चारदोन गुलाम वर चढले म्हणून गुलामी बरी होती, असे म्हणता येत नाही. इस्लामने गुलाम मुक्त करण्याला पुण्य म्हटले, आणि बाजार मात्र शतकानुशतके चालू राहिला. या दोन्ही गोष्टी आपल्या आहेत.

हबश देशाचे आपल्यावरचे ऋण याहून जुने आहे. मक्केत जगणे अशक्य झाले, तेव्हा ६१५ साली प्रेषितांनी अनुयायांना समुद्रापलीकडच्या या देशात जायला सांगितले, कारण तिथला राजा कुणावर अन्याय होऊ देत नाही. पहिल्या हिजरतीत अकरा पुरुष आणि चार स्त्रिया होत्या. कुरैशांनी नजराणे पाठवून त्यांना परत मागितले. जाफर इब्न अबी तालिब यांनी दरबारात सूरह मरियम ऐकवली आणि ख्रिस्ती नजाशीने त्या निर्वासितांना परत द्यायला नकार दिला. नजाशी वारला तेव्हा प्रेषितांनी मदिनेत त्याची गैरहजर जनाज्याची नमाज पढली. मदिनेत अजान देण्याचा मान ज्यांना मिळाला, ते बिलालही हबशीच.

मग आपल्या बोलण्यात ‘हबशी’ या शब्दाचे काय झाले? मराठी कागदपत्रांत जंजिऱ्याच्या मुलखाला ‘हबसाण’ म्हणत. तो नुसता मुलखाचा निर्देश होता. आज मोहल्ल्यात, घरात, लग्नाच्या बोलाचालीत हा शब्द कसा वापरला जातो, ते प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. मुलगी सावळी असली तर कुजबुज होते. मुलाला चिडवायचे असेल तर ‘हबशी’ म्हणतात. त्याच घरात दुसऱ्या मुलाचे नाव मोठ्या प्रेमाने बिलाल ठेवलेले असते. काळ्या-गोऱ्याला श्रेष्ठत्व नाही, हे आखरी खुतब्यातले सांगणे आपण दरवर्षी ऐकतो आणि घरी येऊन गोरी सून शोधू लागतो.

अदिस अबाबाच्या मेर्काटो बाजारात अन्वर मशीद आणि संत रागुएलचे चर्च जवळजवळ उभी आहेत. देशात मुसलमान सुमारे एक तृतीयांश. २००७ च्या जनगणनेत ३३.९ टक्के. ख्रिस्ती आणि मुसलमान एकमेकांनी कापलेले मांस खात नाहीत, पण एकमेकांच्या घरी कॉफीला बसतात. ऑगस्टमध्ये तिथल्या ख्रिस्ती लोकांचा पंधरा दिवसांचा उपवास असतो. तेव्हा खानावळीत इंजेऱ्यावर डाळ आणि भाज्यांचे ढीग वाढून येतात, आणि आमच्यासारख्यांना हलालची चौकशी करावी लागत नाही. चहाला ते ‘शाय’ म्हणतात, साबणाला ‘सामुना’. समुद्राने शब्दही इकडून तिकडे नेले, ते असे जिभेवर सापडतात.

तिथे सगळे गोड आहे, असे मात्र नाही. नोव्हेंबर २०२० ते नोव्हेंबर २०२२ या काळात उत्तरेकडच्या तिग्राय प्रांतात भयंकर युद्ध झाले. पहिल्या हिजरतीच्या आठवणीशी जोडलेली नेगाशची जुनी मशीद त्यात तोफांनी फुटली. ज्या भूमीने निर्वासितांना आसरा दिला, तिथलेच लोक निर्वासित होऊन सुदानात गेले. आसरा देणे हा कुठल्याही देशाचा कायमचा गुण नसतो. प्रत्येक पिढीला तो नव्याने निभवावा लागतो. आपल्या देशालाही हे लागू आहे.

फौज पाऊस चुकवते, कारण तिला फक्त रस्ता हवा असतो. पाहुण्याने पावसात जावे. पत्र्याखाली अनोळखी माणसाशेजारी उभे राहून थांबावे लागते, तेव्हा तो माणूस दिसतो, आणि आपण आजवर त्याच्या जातीला कोणत्या नावाने हिणवत आलो, हेही आठवते. त्यासाठी अदिस अबाबाच गाठायला हवी, असे नाही. श्रावण-भाद्रपदात आपल्याकडची कितीतरी कुटुंबे वेरूळ, म्हैसमाळ, खुलदाबादला जातात. जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्यापासून थोड्याच अंतरावर मलिक अंबरची कबर आहे. १६२६ साली तो तिथे दफन झाला. मुलांना तिथे न्यावे, फातिहा पढावा आणि तो हबशी होता, हे त्यांना मोठ्याने सांगावे.